उताण्या दगडांची लगोरी

"अगं, थांब की जरा! डोंगर काय पळून चाललाय?"

"डोंगर नाही, आजोबा पळून चाललेत!" मागे न बघताच भिंगरीने उत्तर दिले आणि पुढच्या खडकावर टुणकन उडी मारली. तिचा मित्र निवांत आपल्या नावाला जागत, पाण्याच्या बाटलीचे बूच सावकाश लावत मागून आला.

आजोबांचे मात्र खरेच होते. भिंगरीच्या मावशीने वाटाड्याचे काम नुकतेच धरले होते. वाळवंटातल्या या उघड्याबोडक्या डोंगरावर ती आज पहिल्यांदाच आजी-आजोबांचा जथा घेऊन निघाली होती. कुणाला धाप लागे, कुणाच्या बुटात खडा जाई. त्यामुळे तिला शेपटाशीच राहावे लागे. आणि त्या जथ्यातले गाणारे आजोबा? ते गळा मोकळा सोडून देवाची पदे गात थेट पुढे! शेवटी मावशीने या दोघांना पिटाळले होते.

"त्यांना गाठा रे बाबांनो! माझ्या भरवशावर आलेलं माणूस संध्याकाळी धडधाकट घरी पोचलं पाहिजे. नाहीतर हे काम पुन्हा कुठल्या तोंडानं करू मी?"

वाटेवर खुणेसाठी दगडांच्या लगोऱ्या रचलेल्या होत्या. मावशीचा नियम एकच: पुढची लगोरी दिसली तर चालायचे, नाही दिसली तर जागचे हलायचे नाही.

"ती बघ, उजवीकडे!" भिंगरी ओरडली. "चल!"

पण निवांत त्या लगोरीपाशी आल्यावर गुडघ्यांवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

"भिंगरे, हे दगड उताणे झोपलेत."

"ऊन लागलं का रे तुला?"

"बघ तरी! इथल्या प्रत्येक दगडाची पाठ उन्हानं करपून काळी झालीय आणि पोट फिकट आहे. आतापर्यंतच्या सगळ्या लगोऱ्या काळ्या होत्या. ही पांढुरकी! कुणीतरी आत्ताच रचलीय."

भिंगरी डावीकडच्या सोंडेवर धावली. तिथे लगोरी नव्हती, नुसता फिकट खळगा होता. थोडे पुढे आणखी एक. दगड उचलून नेल्याच्या खुणा! इतक्यात आजोबांचा सूर ऐकू आला. उजवीकडून, आणि पार खालून!

"अरे देवा! ते खोट्या लगोऱ्यांच्या मागं गेले!" भिंगरीने मागच्या वाटेकडे पाहिले. "आणि बाकीचेही इकडेच येतील!"

"नाही येणार," म्हणत निवांतने ती फिकट लगोरी धाडकन ढकलून दिली. "आता पुढची दिसेल कशी? बसतील इथंच."

दोघे उजवीकडे पळत सुटले. निवांतसुद्धा!

कड्याच्या अलीकडे एका शिळेवर नवेकोरे बूट मांडले होते. मोठ्या टोपीवाला छायाचित्रकार त्यांच्यासमोर पालथा पडला होता. त्याचा मदतनीस बुटांवर उजेड पाडायला दोरीने बांधलेली चंदेरी छत्री धरून उभा होता.

"काका, इकडून एक आजोबा गेले का?"

"गाणारे ना? गेले मघाशी. बुटांवर त्यांची सावली पडत होती. म्हटलं, लवकर पुढं व्हा!"

"आणि या लगोऱ्या?"

"छान ना? वरच्या सोंडेवर नुसत्या वाया चालल्या होत्या. उतरता उतरता उचलत आलो. जाहिरातीत काय झोकात दिसतील!"

"काका, ती वाट होती! दोरी द्या लवकर, आजोबांचा सूर एकाच जागेवरून येतोय, ते खाली अडकलेत!"

"छे! दोरी सोडली की छत्री उडाली. ऊन आहे तोवर फोटो व्हायला हवा. येतील की ते माघारी."

भिंगरीच्या डोळ्यांत पाणीच आले रागाने. निवांतने तिची बाही ओढली आणि साखरेसारख्या आवाजात विचारले, "काका, तुम्ही परत कसे जाणार हो?"

"आलो तसे. माथ्यावरून. गाडी पलीकडे उभी आहे. लगोऱ्या बघत बघत..."

छायाचित्रकार उठून बसला. त्याने वर पाहिले. जिकडे बघावे तिकडे सारखेच तांबडे सुळके!

"साहेब," मदतनीस चाचरत म्हणाला, "त्या तर आपणच उचलल्या की हो!"

"वाट आम्ही दाखवू," निवांत म्हणाला. "पण आधी दोरी आणि तुम्ही दोघं. मग सगळ्या लगोऱ्या जागच्या जागी. कबूल?"

"कबूल, कबूल!"

शेवटच्या लगोरीपलीकडे मुरमाचा निसरडा घसारा उतरत गेला होता. त्याच्या टोकाशी, कड्यापासून हातभर अंतरावर, आजोबा एका दगडाला मिठी मारून बसले होते आणि गात होते! भिंगरीने दोरी खाली सोडली. आजोबांनी ती काखेखालून बांधली आणि चौघांनी नेट लावला. मुरूम खळाखळा घसरत गेला... आणि आजोबा वर आले!

"भीती तर वाटतच होती ग पोरी," ते हाशहुश करत म्हणाले. "पण गाणं थांबवलं असतं, तर तुम्ही मला शोधलं कुठं असतं? म्हटलं, त्याचं नाव घेऊ मोठ्यानं. त्यालाही ऐकू जाईल आणि तुम्हालाही!"

निवांतने लगोरी ढकलली होती त्या वळणावर सगळा जथा शहाण्यासारखा बसून होता. मावशी तेवढी पांढरीफटक होऊन उभी होती. आजोबा दिसताच तिने त्यांचे हात धरले.

"कार्टी गुणाची आहेत हो तुमची!" एका आजींनी निवांतचा गालगुच्चा घेतला. "पळणारी एक नि बघणारा एक!"

मग वरची वाट चढताना काय मजा आली म्हणून सांगू! पुढे खळगे शोधणारा निवांत, मागे पोटाशी दगड धरून घामाघूम झालेले दोन मोठे लोक, आणि भिंगरीचा हुकूम: "काका, उताणा नको! पालथा ठेवा, पालथा!"

माथ्यावर गार वारा होता. सगळे पोचले. छायाचित्रकार मान खाली घालून मावशीची माफी मागून पलीकडे उतरला. आजोबांनी नवे पद धरले. एकेक आवाज त्यात मिसळत गेला.

सकाळपासून क्षणभरही न टेकलेली मावशी तेव्हा कुठे भिंगरी आणि निवांत यांच्या मध्ये येऊन बसली. तिने बूट काढले, पाय लांब केले आणि डोळे मिटून गाऊ लागली. सूर साफ चुकत होता. आजोबांनी तो ऐकला, हसून मान डोलावली आणि आपलाच सूर हलकेच खाली आणून तिच्या सुराला मिळवला.