हवेचं विरजण

पाहुण्यांसाठी पुसावा तसा भार्गव खातूंनी हुंगणीसाठी पाट पुसून ठेवला होता. हवातपासनीस रेहाना मुकादम बरोबर दहाला आली. चपला दाराबाहेर काढून तिनं पिशवीतून हुंगणीचं नारळाएवढं यंत्र बाहेर काढलं आणि ते पाटावर ठेवलं. त्याला एक नाक होतं आणि एक पट्टी. पट्टीवर अक्षरं उमटत.

“चाळीस मिनिटं लागतील, काका. तोवर खिडक्या बंद.”

“सहा वर्षं बंदच आहेत,” खातू म्हणाले.

हुंगणी आल्यापासून तिच्या हवादाखल्याशिवाय घर विकता येत नव्हतं. ती हवा ओढून घेई आणि हवेतल्या बुरशीचे कण मोजून भिंतीत कुठे ओल आहे ते सांगे. एवढ्यावर थांबली असती तर लोकांचं फारसं बिघडलं नसतं. पण प्रत्येक माणसाच्या अंगाखांद्यावर बुरशीचं आपलं एक खानदान असतं आणि ते घराच्या हवेत मिसळतं. त्यामुळे घरात किती माणसं राहतात, हेही ती सांगू लागली. चिपळुणात एकानं ओली भिंत कपाटामागे लपवली, तर हुंगणीनं कपाट कोणत्या वारी सरकवलं तेसुद्धा सांगितलं म्हणतात. खेडला एका जोडप्याच्या घरात तिनं तीन माणसं मोजली. ते घर विकलं गेलं, पण आता दोघांना दोन घरं लागतात.

खातूंना अशी काही भीती नव्हती. ते एकटे होते आणि घर लख्ख होतं. घाग नावाचं कुटुंब घर घ्यायला तयार होतं. देवरुखच्या वृद्धनिवासानं त्यांच्यासाठी राखलेली खोली महिनाअखेरपर्यंतच राहणार होती. त्याला बारा दिवस उरले होते.

पट्टीवर अक्षरं आली. रेहानानं ती वाचली, यंत्राला एक चापट मारली आणि पुन्हा वाचली.

“बुरशी शून्य,” ती म्हणाली.

“म्हणजे पास.”

“वस्तीही शून्य. इथं कोणी राहत नाही.”

“मी राहतो की.”

“हुंगणीला तुम्ही दिसत नाही. जरा तिच्यापुढे उभे राहा बघू.”

खातू उभे राहिले, श्वास सोडला. पट्टीवर नवी ओळ आली. पाहुणा, एक.

“सहा वर्षं मुक्कामाला असलेला पाहुणा पहिल्यांदाच बघतेय,” रेहाना म्हणाली. खातू हसले नाहीत, तेव्हा तिनंही हसू आवरलं. “काका, घर धुवून कोणी एवढं कोरं होत नाही. मेलेली बुरशीसुद्धा आपला वास मागे ठेवते. तुम्ही केलंय काय?”

खातूंनी कोपऱ्यातली हवेची तीन गाळणयंत्रं दाखवली. ती अखंड घुमत होती. त्यांची बायको शालन गेली तेव्हा फुप्फुसात बुरशी होती, असं डॉक्टर म्हणाले होते. ती आजारी पडली तेव्हा खातूंनी यंत्रं लावली आणि रोज सकाळी भिंती पुसायला घेतल्या. ती गेली, तरी त्यांनी पुसणं सोडलं नाही. कालचा पेपर वाचून दाखवावा तसं त्यांनी हे सांगितलं.

“त्रास नाही झाला?”

“मी बंदरावर बर्फाच्या कारखान्यात होतो, बाय. एकतीस वर्षं. बर्फात हात घातला की आधी दुखतं, मग दुखायचं थांबतं. ते थांबलं की काम बरं होतं.”

रेहानानं दाखल्याचा कागद काढला. शिक्के तीन होते: निरोगी, रोगट आणि ओसाड. ओसाड घराची विक्री व्हायची नाही. घराची हवा दह्यासारखी लागावी लागते. न लागलेल्या हवेत नवं कुटुंब आलं तर महिनाभरात त्यांच्या जिभेची चव जाते, मग माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात.

“शेजारच्या घरची हवा आणून सोडली तर?”

“तुमच्या घरात शेजारी राहतात, असं लिहावं लागेल. विरजण घरचंच हवं. यंत्रांच्या तोंडी न लागलेलं काहीच नाही का? जुनी गादी, एखादं गाठोडं?”

खातूंनी वर पाहिलं. मग स्टूल घेऊन पोटमाळ्यावरून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली एक चिनी मातीची बरणी उतरवली. तोंडावर कापडाचा दादरा होता, त्यावर हळदीच्या बोटांचे डाग आणि कडेनं करडा बुरा.

“लोणचं. शालननं शेवटचं घातलेलं.”

“खाल्लं नाहीत?”

“डॉक्टरांनी आंबट बंद केलंय,” खातू म्हणाले.

रेहानानं हुंगणीचं नाक बुऱ्याला लावलं. “जात निरुपद्रवी आहे. फुप्फुसात जाते ती वेगळी.”

“मग ती कुठनं आली होती?”

“ते आता कोण सांगणार, काका?”

रेहानानं तीनही गाळणयंत्रं बंद केली, बरणी पिशवीतून काढून खोलीच्या मधोमध ठेवली आणि आठ दिवसांनी येते म्हणाली. घर एकदम गप्प झालं. भिंती पुसायच्या नाहीत, असं तिनं बजावलं होतं, म्हणून खातू दुसऱ्या सकाळी फडकं हातात घेऊन नुसतेच बसले. तिसऱ्या दिवशी घरात मोहरीचा वास आला. पाचव्या दिवशी त्यांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. बर्फातून काढलेल्या हाताला येतात, तशा.

नवव्या दिवशी रेहानानं पट्टी वाचली.

“हवा लागली. निरोगी. वस्ती…” ती थांबली. “वस्ती दोन.”

“कैऱ्या मी फोडल्या होत्या,” खातू म्हणाले. “कालवलं तिनं.”

“मग बरोबर आहे. दोघांचे हात त्यात आहेत.” तिनं कागद पुढे केला आणि डोकं खाजवलं. “पण घोटाळा झालाय. जितकी वस्ती, तितक्यांची विक्रीला संमती लागते. इथं तुमची सही. आणि खाली ही दुसरी ओळ… हिचं काय करू?”

खातूंनी पेन घेतलं. पण त्यांची बोटं आता इतकी ठणकत होती की पेन धरवेना. ते त्यांनी बरणीशेजारी ठेवलं. घाग मंडळी चार वाजता येणार होती. देवरुखच्या खोलीला चार दिवस उरले होते.

“बाय,” बरणीकडे बघत त्यांनी विचारलं, “तिला घर विकायचंय का, हे ह्या यंत्राला विचारता येतं का गं?”