राहिलेले नऊ दगड

मोबाईल खाली ठेवा जरा. तुमच्या त्या गेमवरूनच आठवलं. माझा दोस्त बद्रुद्दीन देवळाली कॅम्पात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, त्याच्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट आहे. तो खोटं बोलणारा नव्हे, आणि रमजानात तर नाहीच नाही.

१२ ऑक्टोबर २००५, दसरा. संध्याकाळी रोजा सोडून तो एकलहऱ्याला गोटीरामकडे गेला. गोटीराम पॉवर स्टेशनात कामाला. त्याची थोरली, प्रतिभा, ऑगस्टमध्ये आजारपणात गेली होती. सतरा वर्षांची पोर.

"तिचा तेवढा गेम काढून टाका, बद्रूभाई. साई रोज रात्री तो लावून रडत बसतो. दहावीचं वरीस हाय त्याचं," गोटीराम म्हणाला.

गेम अंतराळातला. धाकट्या साईला लढायांचा नाद. प्रतिभा मात्र वाटेत भेटेल त्याचं काम अंगावर घ्यायची. कुणाचं औषध पोचव, कुणाचं हरवलेलं यान शोध. नाही केली तरी चालतील अशी कामं. एका ग्रहावरच्या म्हातारीला दिव्यासाठी चाळीस निळे दगड हवे होते. सलाईनच्या सुयांनी उजवा हात सुजलेला, म्हणून डाव्या बोटानं स्पेसचं बटण दाबत प्रतिभा एकेक दगड उचलायची. साई वैतागायचा, "ताई, सोड ना ती म्हातारी!"

"थांब रे. अंधारात बसलीय बिचारी."

एकतीस झाले. नऊ राहिले, आणि ती गेली. साईनं त्या नऊंना हात लावला नाही. ते ताईचं काम आहे, म्हणायचा.

साईच्या आईनं, वत्सलाबाईंनी, त्या दिवशी कॉम्प्युटर पूजला होता. वर झेंडू, बटणाबटणावर कुंकू. "पूजलेल्या वस्तूला आज हात नाय लावायचा, भाऊ. सकाळी काढा."

शेवटची बस गेलेली, म्हणून तो कॉम्प्युटरच्या खोलीतच मुक्कामाला राहिला. बाईंनी त्याच्या पहाटेच्या सहेरीसाठी भाकरी झाकून ठेवली. पोरानं रात्री गेम लावू नये म्हणून बद्रुद्दीननं कॉम्प्युटरची वायर काढून स्वतःच्या उशाखाली घेतली.

पावणेचारला त्याला जाग आली.

टक.

भिंतीवर निळा उजेड. खुर्ची रिकामी. साई खाली चटईवर, गाढ झोपेत.

टक...

बद्रुद्दीननं उशाखाली हात घातला. वायर तिथेच होती.

टक... मध्ये बराच वेळ. दमलेल्या माणसासारखं... टक.

भ्यायला तो. पण भीतीपेक्षा वाईट वाटलं, म्हणाला. पडल्या पडल्या मोजत राहिला. नऊ झाले.

मग काहीच नाही. अंधार.

सकाळी वायर जोडून गेम उघडला. म्हातारीच्या घरात दिवा लागला होता. गोटीराम तोंड फिरवून हुंदके देऊ लागला. "राहू द्या, बद्रूभाई. नका काढू."

साईनंच उठून केलं असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. बद्रुद्दीन म्हणाला, सगळ्या बटणांवरचं कुंकू जसंच्या तसं होतं, फक्त स्पेसवरचं पुसलेलं. साईची बोटं कोरी होती. पण तो झोपेतून उठून बसला, तेव्हा त्याच्या कपाळावर कुंकवाचं एक बोट ओढलेलं होतं... भाऊबीजेला ओवाळताना बहीण ओढते, तसं.