गावावरची मात्रा

“आधी मना एवढं सांगा, मी कोन हाय?”

बाई अजून उंबऱ्यातच उभी होती. साठीची, काटक, लाल चौकड्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत नेसलेली, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. बाळला प्रश्नच कळला नाही. कळला असता तरी उत्तर आलं नसतं, कारण घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत उत्तरं देण्याचं खातं त्याच्या थोरल्या बहिणीकडे होतं.

क्षमा देवस्थळी कागदपत्रांची खाजगी तपासणी करत असे. बनावट मृत्युपत्रं, खोट्या सह्या, बदललेल्या तारखा तिनं नऊ वर्षांत पुष्कळ उघड्यावर आणल्या होत्या. मात्र नावाप्रमाणे कुणाला क्षमा केल्याचं बाळच्या ऐकिवात नव्हतं. बाळ स्वतः बेचाळीस वर्षांचा होता, पण घरात तो बाळच राहिला होता.

“बसा,” क्षमा म्हणाली. “आणि तुम्ही कोण नाही असं कोण म्हणतंय, ते सांगा.”

बाईंच्या मागून एक खादीधारी गृहस्थ पुढे आले. “या पर्पेच्युआबाई मिस्किटा, मरोळच्या. मी विद्याधर टिपणीस, तिथल्या नागरिक समितीचा चिटणीस. पालिकेनं गावची विहीर बुजवायला माणसं पाठवली, तेव्हा बाई तीन दिवस कठड्यावर बसून राहिल्या. विहीर वाचली. म्हणून आता महापालिकेच्या निवडणुकीला गावानं त्यांनाच उभं करायचं ठरवलंय.”

“मग अडलं कुठे?”

“मतदारयादीत नाव असल्याशिवाय उभं राहता येत नाही. आणि यांच्या नावावर हरकत आलीय. नोंदणीच्या फॉर्मात जन्मस्थान गोवा आहे. गोवा पडला अजून पोर्तुगीजांचाच, तेव्हा बाई परकी प्रजा. गुरुवारी अकरा वाजता सुनावणी आहे.”

“गोवा मी नकाशान पन नाय पायला,” पर्पेच्युआबाई म्हणाल्या. “माझी आजी ह्याच विहिरीचं पानी प्याली. मागच्या यादीन मी ‘इनासची बायको’ व्हती. नावच नाय. इनास मेला, तं मी पन मेली काय? म्हनून ह्या टायमाला फॉर्म भरनाऱ्या मास्तरला बोल्ली, माझा नाव लिव. तं आता बोलतात, तू ह्या मुलखाचीच नाय.”

“चर्चमधलं बाप्तिस्म्याचं पुस्तक?”

“त्या सालाची पानं वाळवीनं खाल्ली,” विद्याधर म्हणाले. “हात लावला की भुगा.”

“जन्माचं मास्तरांना काय सांगितलंत?”

“काय सांगनार? गावान. ह्याच गावान.”

क्षमानं तो शब्द एका चिठ्ठीवर लिहून घेतला. विद्याधर उठता उठता म्हणाले, “समितीनं पर्यायी उमेदवार म्हणून माझं नाव ठेवलंय. पण मला मनापासून वाटतं, ती वेळ येऊ नये.” बाळला हा माणूस फार आवडला. आजकाल असं कोण बोलतं?

अंधेरीच्या नोंदणी कचेरीत अनंत नावाचा कारकून होता. त्यानं मरोळची फाइल नाडी सोडून पुढ्यात ठेवली. पर्पेच्युआबाईंच्या फॉर्मावर वळणदार अक्षरात एकच शब्द होता. जन्मस्थान: गोवात.

“शाई एकच आहे, ताई,” बाळ भिंगातून बघत म्हणाला.

“असणारच,” अनंत म्हणाला. “मास्तरांना शाईच्या पुड्या आम्हीच दिल्या. इथे वाचायला येणाऱ्यालाही बाहेरचं पेन चालत नाही. त्या टेबलावर दौत आहे, टाक दोरीनं बांधलाय.”

क्षमानं आधीचा फॉर्म उलटवला. त्याच्या कोऱ्या पाठीवर नखाएवढी एक पुसट तिरकी रेघ होती, नेहमीच्या मात्रेच्या उलट बाजूला झुकलेली. बाळला तो डाग वाटला. फाइलमध्ये दोन ठिकाणी कचेरीच्याच तांबड्या शाईच्या दुरुस्त्या होत्या आणि शेवटच्या पानावर सही होती: ‘सर्व फॉर्म वाचले. शरच्चंद्र. ता. ४.’

“फाइल कोणी कोणी पाहिली?”

अनंतनं नोंदवही काढली. तीन तारखेला झेवियर, बाईंचा भाचा. चार तारखेला स्वतः शरच्चंद्र मास्तर. पाच तारखेला विद्याधर टिपणीस, ‘उमेदवाराचे नाव तपासण्यासाठी’. सहा तारखेला हरकत दाखल झाली, ती चंद्रप्रकाश नावाच्या दुकानदाराची.

“त्यानं फाइल मागितली होती?”

“छे. अर्ज टाकला आणि गेला.” बोलता बोलता अनंतनं नोंदवहीत क्षमाचं आणि बाळचं नाव लिहिलं आणि सवयीनं लाकडी मुठीचा टीपकागद ओल्या शाईवर फिरवला. वाचणाऱ्यांच्या टेबलावर दौत होती, टाक होता. तिसरं काही नव्हतं.

शरच्चंद्र मास्तर शाळेत वह्या तपासत होते. बाळनं तडक विषयाला हात घातला. “मास्तर, मिस्किटाबाईंच्या फॉर्मात तुम्ही ‘गोवात’ लिहिलंत ना?”

मास्तरांना कुणी चिमटा काढावा तसं झालं. “गोवात? अहो, सामान्यरूप नावाची काही चीज आहे की नाही? रवा, रव्यात. गोवा, गोव्यात.”

“पण फॉर्म तुम्हीच भरलात.”

“दोनशे चाळीस भरले. कुणाचं काय लिहिलं ते आता आठवत नाही. लोक बोलतात तसं लिहिलं तर यादी कुणाला वाचता येणार नाही, म्हणून मी सगळं शुद्ध करूनच लिहितो. वर चार तारखेला जाऊन अख्खा गठ्ठा पुन्हा वाचला. दोन जागी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ते सुधारल्यावरच सही केली.” त्यांनी तपासलेल्या वहीवर टीपकागद दाबला आणि दुसरी ओढली.

“म्हातारा घाईत चुकला आणि आता कबूल करत नाही,” बाहेर आल्यावर बाळ म्हणाला.

“दोन ऱ्हस्व-दीर्घ ज्यांना सापडले, त्यांना हे सापडू नये?” क्षमा म्हणाली, आणि विहिरीच्या दिशेनं चालू लागली.

झेवियरचं मोटारदुरुस्तीचं छप्पर विहिरीला लागूनच होतं. मावशीचं नाव निघताच त्यानं हातातला पाना खाली टाकला.

“भांडन हाय, खोटं कशाला बोलू? निवडून आली तं पयला माझा शेड उडवनार. बोलते, तुझा ऑइल विहिरीत जातो. मी कचेरीत गेलो ते माझं नाव आलं काय बघायला. तिचा फॉर्म पन पायला.”

“त्यात काय लिहिलं होतं?”

“कोन वाचतंय? नाव बघितलं आणि सुटलो. पन ताई, तिला गोव्याची ठरवायला मी काय येडा हाय? माझी आई तिची सख्खी बहीन. ती परकी, तं मी कोन?”

बाळला हे पटलं, आणि त्यामुळे त्याची पंचाईत झाली. मास्तर नाही, झेवियर नाही, तर उरला अनंत. गरीब कारकुनाला कुणीतरी धमकावलं असणार, असं त्यानं बुधवारी रात्री जेवताना ठरवून टाकलं. क्षमानं त्याला आणखी आमटी वाढली.

गुरुवारी सुनावणीला कचेरी भरली होती. बाईंच्या पाखाडीतली, म्हणजे मरोळच्या त्या जुन्या वस्तीतली, तीसेक माणसं दाराशी उभी होती. पर्पेच्युआबाईंना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. “माझ्याच गावाची हाय का नाय, ते मी उभी राहून ऐकन,” असं त्या म्हणाल्या.

क्षमानं अधिकाऱ्यांची परवानगी मागितली आणि पाच जणांना एकेक कोरा कागद दिला: मास्तर, झेवियर, अनंत, विद्याधर आणि हरकत घेणारा चंद्रप्रकाश. “माणूस जन्मला ते ठिकाण गोवा. ‘कुठे जन्मला?’ याचं उत्तर एका शब्दात लिहा. बोलायचं नाही.”

कागद जमा झाले. तिनं ते अधिकाऱ्यांपुढे मांडले. चौघांनी ‘गोव्यात’ लिहिलं होतं. झेवियरनं ‘गोव्यान’.

“साहेब, मराठी बोलणारा माणूस ‘गोवात’ लिहीत नाही. शाळा शिकलेला नाही आणि न शिकलेलाही नाही. मग हा शब्द लिहिला कोणी?”

“कोणी?”

“कोणीच नाही. तो लिहिला गेलेलाच नाही, तो झालाय. ‘गो’वरची मात्रा बोटानं झाका.”

अधिकाऱ्यांनी बोट ठेवलं. खाली उरलं ते सगळ्यांनी वाचलं: गावात.

“बाई म्हणाल्या ‘गावान’. मास्तरांनी सवयीनं ते शुद्ध केलं, ‘गावात’. कुणीतरी कान्यावर एक मात्रा दिली आणि या बाईंचा देश बदलला.”

दाराशी कुजबुज वाढली. बाळनं कपाळावर हात मारला. चिठ्ठीवरचा तो शब्द दोन दिवस त्याच्या नाकासमोर होता.

“आता कधी आणि कोणी,” क्षमा म्हणाली. “चार तारखेला मास्तरांनी फाइल वाचली. ऱ्हस्व-दीर्घ न सोडणारा माणूस ‘गोवात’ सोडेल? म्हणजे त्या दिवशी तिथे ‘गावात’च होतं. तीन तारखेचा झेवियर सुटला. मात्रा पडली ती त्यानंतर.”

“फाइल माझ्याच ताब्यात होती,” अनंत घाबरून म्हणाला.

“हो. पण आधीच्या फॉर्माच्या पाठीवर त्या मात्रेचा उलटा ठसा उमटलाय. बाकीच्या अक्षरांचा नाही, कारण ती केव्हाच वाळली होती. म्हणजे मात्रा ओली असतानाच कुणीतरी फाइल घाईनं मिटली. तुमच्याकडे टीपकागद आहे, मास्तरांकडेही आहे. तुम्हाला घाई नव्हती. टीपकागद नाही तो फक्त वाचणाऱ्यांच्या टेबलावर. चार तारखेनंतर आणि हरकतीच्या आधी त्या टेबलाशी एकच माणूस बसला, पाच तारखेला.”

सगळ्यांच्या माना विद्याधर टिपणीसांकडे वळल्या.

“चंद्रप्रकाश,” क्षमानं विचारलं, “फॉर्म न पाहता त्यात गोवा आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

चंद्रप्रकाशनं विद्याधरांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “यांनीच सांगितलं. म्हणाले, देशाचं काम आहे.”

विद्याधरांनी चष्मा पुसला. “बाई निवडून येऊन करणार काय, ते तरी सांगा. ठराव वाचता येत नाही, सही नीट येत नाही. पर्यायी उमेदवार शिकलेला होता. मी गावाचं भलंच पाहत होतो.”

“तू गावाचा भला कर,” पर्पेच्युआबाई म्हणाल्या, “पन मना गावातून काढू नको. विहिरीवर बसली तवा ठराव वाचायला कोन व्हता? तू तं चौथ्या दिवशी आला, हार घेऊन.”

विद्याधर क्षमाकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “ताई, चूक झाली. आपसात मिटवून टाकू. समितीची बदनामी होईल.”

“क्षमा हे नुसतं नाव आहे माझं,” ती म्हणाली. “साहेब, सरकारी कागदात फेरफार केल्याची तक्रार मी लेखी आणलीय.”

अधिकाऱ्यांनी तक्रार ठेवून घेतली, हरकत फेटाळली आणि नवा फॉर्म मागवला. तो भरायला मास्तरच बसले. नाव, पर्पेच्युआ मिस्किटा. ‘इनासची बायको’ कुठे नाही. जन्मस्थानाशी येऊन त्यांचा टाक थांबला.

“मरोळ लिहितो. मग मात्रेची भीती नाही.”

“मरोळ लिवा. आणि म्होरं मी बोल्ली तसं लिवा.”

मास्तरांनी वर पाहिलं. चाळीस वर्षं त्यांनी त्या शब्दावर तांबडी रेघ मारली होती. दाराशी पाखाडी उभी होती, आणि पर्पेच्युआबाई अजून बसल्या नव्हत्या.

त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि शाळेतल्या फळ्यावर काढावं तशा ठळक अक्षरात लिहिलं: मरोळ. ह्याच गावान.

मग टीपकागद दाबला, आणि कुठलीही दुरुस्ती न करता खाली सही केली.