फडक्याची चौथी कड

बसा रे, बसा. बर्फामुळं बोगद्याचं फाटक आता सकाळशिवाय उघडायचं नाही, कितीही हॉर्न बडवा. चहा ओता. आणि तू रे तालान, मघापासून गाडीच्या नावानं बोंबलतोयस ना, चढाला दम धरत नाही, काळा धूर ओकते म्हणून? मग तू जरा जवळ सरक. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

सुसामिरच्या तिठ्यावरचा मेलिस उस्ता, तो गॅरेजवाला मिस्त्री, तुम्हाला माहीत आहे. डिझेल गाडीचा टर्बो म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. नुसती शिट्टी ऐकून सांगतो, पाइप कुठं फुटलाय ते. त्याच्या बाबतीत घडलेली ही गोष्ट आहे. सतरा फेब्रुवारी, शुक्रवारची रात्र. आभाळ स्वच्छ, पण चंद्राचा पत्ता नाही. माझ्या ट्रकचा टर्बो बसला होता आणि दुसरा मिळणार होता घाटापलीकडे, कारा-बाल्टाला. मेलिस म्हणाला, "जुमा आके, तुम्ही शेगडीपाशी पडा. मी रात्रीच जाऊन येतो. उद्या बर्फ पडणार आहे."

"अरे, आज चाळिसाव्याचं जेवून आलायस," मी म्हटलं. "जड झाला असशील. सकाळी जा की."

त्यानं चावी उचलली आणि निघाला. तोंड असं उतरलेलं, की मला वाटलं बायकोशी वाजलं असेल. खरं कारण मला पहाटे कळलं. तुम्हाला आधीच सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

चाळिसावा होता उल्कान आपाचा, तिला जाऊन चाळीस दिवस झाले म्हणून. सागिनाली म्हाताऱ्याची बायको. पानगळीच्या सुमाराला म्हाताऱ्यानं आपली जुनी डिझेल गाडी मेलिसकडे आणली होती. चढाला ओढत नव्हती. टर्बोकडून इंजिनाला हवा नेणारा रबरी पाइप चिरलेला. किरकोळ काम. पाइप काढला की उघड्या तोंडात खडा-बिडा जाऊ नये म्हणून आपण काय करतो? फडकं कोंबतो. त्यानंही कोंबलं. बायकोच्या जुन्या झग्याचं फडकं, हिरव्या नाशपाती छापलेलं फलालीन. त्या दिवशी मैदानात बकऱ्याच्या धडासाठी घोडेस्वारांची झुंज होती आणि मेलिसचा सख्खा भाऊ खेळत होता. यानं नवा पाइप बसवला, क्लिप आवळली, हात पुसले आणि धूम ठोकली. फडकं आतच.

सपाटीवर गाडीनं तक्रार केली नाही. म्हातारा तर गावभर उस्ताचं कौतुक करत फिरायचा. मग जानेवारीत एका रात्री उल्कान आपाच्या छातीत कळ आली. दवाखाना घाटापलीकडे. आणि चढाला गाडीनं मान टाकली. एका वळणावर फोन लागतो, तुम्हाला ठाऊक आहे. म्हाताऱ्यानं मेलिसला झोपेतून उठवलं.

"उस्ता, ओढतच नाही रे! आपा मागं कण्हतेय... काय करू सांग!"

आणि मेलिसला त्याच क्षणी आठवलं. हिरव्या नाशपाती डोळ्यांपुढं आल्या. क्लिप सोडा, फडकं ओढून काढा, एवढंच सांगायचं होतं. पण जीभच रेटेना. लाज वाटली रे त्याला. उस्ता म्हणवून घेणारा माणूस, आणि पाइपात फडकं विसरतो? उद्या गाव हसेल. तो म्हणाला, "आबा, उंचीवर सगळ्याच गाड्यांचा दम जातो. वजन कमी करा."

वजन! गाडीत होतं कोण? दोन म्हातारी माणसं. आपा म्हणाली, मी उतरते, तुम्ही पुढच्या वळणावर थांबा, तेवढी मी चालत येते. म्हातारा नको नको म्हणत होता, पण ती उतरली. तो वळणावर जाऊन थांबला. वाट पाहिली. ती आलीच नाही.

आपल्यात मयताच्या घरी पुरुष फाटकापासून हंबरडा फोडत आत जातो. मेलिस गेला, तर घशातून आवाजच फुटेना. लोक म्हणाले, बिचारा, किती लागलंय त्याच्या जिवाला! दफन झाल्यावर "गाडी बघतो" म्हणून हाच गेला, फडकं ओढून काढलं आणि गॅरेजच्या शेगडीत जाळलं. म्हाताऱ्याला म्हणाला, टर्बोच जुना होता, आबा. म्हातारा मात्र येईल त्याला एकच सांगायचा, "मीच तिला उतरू दिलं. माझ्या हातानं मारलं मी तिला." आणि चाळिसाव्याला त्यानं मटणाचा मानाचा तुकडा कुणाच्या ताटात वाढला? मेलिसच्या. "त्या रात्री माझा फोन उचलणारा हा एकटा," असं म्हणून. मेलिसनं तो खाल्ला. सगळ्यांदेखत खाल्ला.

हे पोटात घेऊन तो घाट चढत होता.

फोन लागतो त्या वळणाच्या जरा पुढं त्याला एक बाई चालताना दिसली. डोक्याला पांढरा रुमाल घट्ट गुंडाळलेला, एक हात छातीशी. या थंडीत आपण कुणाला वाटेत सोडत नाही. त्यानं गाडी थांबवली. "बसा, आपा. कुठवर?"

"वरपर्यंत सोड, बाळा," ती मागं बसत म्हणाली. "आमचे हे थांबलेत तिथं."

शंभरेक पावलं गेला असेल. गाडी जड झाली. पाय तळाला टेकला तरी काटा वर चढेना. मागं काळा धूर. मेलिसची स्वतःची गाडी ती, कालच हात फिरवलेली! तो उतरला, बॉनेट उघडलं, पाइप चाचपला, क्लिप पाहिली. सगळं ठीक. बोटं गारठली.

काच खाली झाली. "राहू दे, बाळा," आतून आवाज आला. "उंचीवर सगळ्याच गाड्यांचा दम जातो."

मेलिस तसाच उभा राहिला. बॉनेटवर हात ठेवून.

"माझंच वजन होतंय," ती म्हणाली. "मी उतरते."

"नको... आपा, नको..."

दार वाजलं. ती उतरली होती. मेलिसनं तिकडं पाहिलंच नाही. बॉनेट आपटून पळत आत बसला. गाडी सुटली. आरशात पांढरा रुमाल लहान लहान होत गेला. मग दिसेनासा झाला.

पुढच्या वळणावर गाडी पुन्हा जड झाली.

मागच्या सीटवर कुणीतरी धापा टाकत होतं. तुटक. चढ चालून आल्यावर लागते तशी धाप.

"पुन्हा उतरू का रे, बाळा?"

रागाचा लवलेश नाही. शिव्या दिल्या असत्या, गळा धरला असता, तर बरं झालं असतं, असं तो मला नंतर म्हणाला. पण ती ओशाळली होती रे. त्याच्या गाडीला आपलं ओझं होतंय म्हणून ती ओशाळली होती!

दाराची कडी हलली. किर्र...

"उतरू नका!" मेलिस ओरडला. "आपा, वजन नाही! तुमचं वजन नव्हतंच! फडकं... माझं फडकं राहिलं होतं आत... मला आठवलं होतं... फोनवरच आठवलं होतं..."

धाप थांबली.

तो वाट पाहत बसला. काहीच नाही. फक्त इंजिन. आणि मग इंजिनाचा आवाज मोकळा झाला, टर्बोची शिट्टी नीट वाजायला लागली. मेलिसनं मान वळवली. सीट रिकामी. तिच्यावर घडी घातलेलं फडकं. धुतलेलं, कोरडं. हिरव्या नाशपाती.

पहाटे तो रिकाम्या हातानं परत आला. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि त्याला पाहून मिटलं. त्यानं सगळं सांगितलं, जसं आत्ता मी तुम्हाला सांगितलं तसं. मग म्हणाला, "आके, चला माझ्याबरोबर. एकट्याला जमायचं नाही."

सागिनालीच्या फाटकाशी पोचलो आणि मेलिसनं हंबरडा फोडला. मयत आत्ताच झाली असावी तसा. चाळीस दिवस अडकलेला आवाज, सगळी कुत्री उठली. म्हातारा कोट खांद्यावर टाकून बाहेर आला. मेलिसनं बर्फात उभं राहूनच सगळं सांगितलं. फोनवर आठवलं होतं, तेही सांगितलं. मला वाटलं म्हातारा काठी घालतो आता त्याच्या डोक्यात. घातली असती तरी मी आडवा गेलो नसतो.

त्यानं हात पुढं केला. फडकं घेतलं, दिव्याखाली नेलं, कडेवरून अंगठा फिरवला. तेव्हा मलाही दिसलं. तीन कडा दुमडून बारीक टाक्यांनी शिवलेल्या. चौथी तशीच, धागे सुटलेली. दोरा लोंबत होता आणि दोऱ्याला सुई.

"टाके तिचेच आहेत," म्हातारा म्हणाला.  मग विचारलं, "फार दमली होती का रे ती?"

मेलिसनं बर्फात गुडघे टेकले. 

म्हाताऱ्यानं त्याला माफ केलं की नाही, मला विचारू नका. आत घेतलं एवढं खरं. चहा दिला. फडकं नेऊन आपाच्या रचून ठेवलेल्या गोधड्यांवर ठेवलं. "मी नव्हतं मारलं तिला," असं स्वतःशीच एकदा म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून रडला. आम्ही दोघं चुलीपाशी माना खाली घालून बसलो. उजाडेपर्यंत तिघांपैकी कुणी जागचं हललं नाही, कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. घरात चौथं माणूस नव्हतं. म्हाताऱ्याचे हात तर इतके थरथरतात, की बशीतला चहा सांडतो.

निघताना मी ते फडकं हातात घेऊन पाहिलं. चौथी कड शिवलेली होती. शेवटाला गाठ मारून दोरा तोडलेला. सुई आम्ही घरभर शोधली, पण ती काही सापडली नाही.