बसलेली नवरी

शिट्टी वाजली तेव्हा मी नुकतीच कुठे दगडावर टेकले होते.

“मॅडम... दगडावर बसायला मनाई आहे.”

खाकी कपडे, गळ्यात शिट्टी, उन्हानं रापलेला चेहरा. वनखात्याचा माणूस. पण या परमुलखात मराठीत बोलला, म्हणून मी भांडायची राहिले.

“साहेब, पहाटेपासून उभी आहे हो. थोडा वेळ तरी...”

“मीही सकाळपासून उभाच आहे. तुमच्याकडे निदान लग्न तरी आहे.”

“माझं नाही. भावाचं.”

“अच्छा,” तो म्हणाला, आणि उगाचच शिट्टीची दोरी सरळ करू लागला.

तेवढ्यात शोभाआत्यानं मला पाहिलं. “हर्षदा, ऊठ वं. नवरी बठनी नि दगड व्हयनी, माहीत नही का तुले?”

कामरेजच्या पुढे तापीच्या काठी हे काळे खडक आहेत. वऱ्हाडाचे दगड. नवरीला घेऊन वऱ्हाड पायी निघालं होतं, गावाची शीव येईपर्यंत थांबायचं नाही असं ठरलं होतं. नवरीचे पाय चालेनात. ती खाली बसली, आणि सगळं वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं. पोटासाठी गोडादऱ्यात येऊन वसलेल्या आम्हा खानदेशी घरांनी ही गोष्ट केव्हाच आपलीशी केलीय. लग्न ठरलं की हळद घेऊन इथं यायचं, दशम्या उभ्यानं खायच्या, पण टेकायचं नाही. आता खडक संरक्षित आहेत, भोवती तारेचं कुंपण आहे. हळद कुंपणाबाहेर वाहायची. मी बसले होते तो दगड नेमका कुंपणाबाहेर आलेला होता.

आम्ही निघताना तो खाकीवाला हळूच म्हणाला, “एक विचारू? नवरी दमली म्हणून बसली. मग नवरा का बसला?”

“तो कुठे बसलाय?”

“मागच्या बाजूनं बघा कधीतरी. सगळं वऱ्हाड उभं आहे. दोघंच बसलेत.”

त्याचं नाव सुमित, हे मला पुढच्या खेपेला कळलं. माझा भाऊ योगराज आणि त्याची बायको दर्शनाला आले, त्यांच्याबरोबर मी. तिसऱ्या खेपेला मात्र माझ्याकडे कारण नव्हतं.

“आज कोणाचं लग्न?” त्यानं विचारलं.

“कोणाचंच नाही. दगड बघायला आले.”

“मागच्या बाजूचे?”

“हो... मागच्याच बाजूचे.”

तो हसला नाही, पण त्याचे कान लाल झाले. त्यानं मला कुंपणाच्या कडेनं मागे नेलं. खरंच, उंच खडकांच्या पायाशी एक ठेंगणा दगड होता, आणि त्याला खेटून दुसरा. इतकी वर्षं हळद वाहून आम्ही समोरूनच परत फिरलो होतो.

मग मी अधूनमधून येत राहिले. आठवडाभर साडीच्या मार्केटमध्ये ऑर्डरी घ्यायच्या, घरी येऊन पोळ्या लाटायच्या, आईची औषधं, योगराजची नवी खोली. बाबा गेल्यापासून माझ्या लग्नाचं कुणी काढलं नव्हतं. काढलं असतं तर घर कुणी चालवलं असतं? मी तर विचार करायचंही सोडून दिलं होतं. सुमितला भेटून परतताना बसमध्ये मात्र मी खिडकीशी बसून गुणगुणायची, आणि गोडादरा आलं की गप्प व्हायची.

फाल्गुनातल्या एका रविवारी तो नेहमीसारखा चिडवेना.

“माझी बदली झालीय. लांब, डोंगरातल्या आहव्याला.”

“बरं,” मी म्हटलं.

“बरं काय, हर्षदा? मला तुम्ही आवडता. लग्न कराल का माझ्याशी?”

माझ्या तोंडाशी नेहमीचं आलं... आई, घर, योगराजचं आत्ताच झालंय. पण निघालं वेगळंच.

“दमलेय मी, सुमित.”

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मी तिथंच, दगडांच्या मागच्या बाजूला, कुंपणाबाहेरच्या मातीत बसले. मला वाटलं, आता तो समजावेल. त्यानं टोपी काढली. गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली, आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसला. ड्यूटी संपायला अजून अवकाश होता.

“आहव्याहून रविवारी मी येत जाईन,” तो म्हणाला. “तुम्ही आधीच फार चालता. उत्तराची घाई नाही. बसा जरा.”

समोर ते दोन ठेंगणे दगड होते. नवऱ्याला कुणी बस म्हटलं नव्हतं, तरी तो नवरीजवळ बसला होता. माझे डोळे भरून आले. मी सुमितचा हात धरला.

“येत जा,” मी म्हटलं. “आणि उत्तर हो आहे.”

फोन वाजला. आईचा.

“कव्हय येशी वं? सयपाकनं काय?”

“आज योगराजला सांग, आई. मी बसलेय जरा.”

“कोठे बठनी?”

“वऱ्हाडाच्या दगडापाशी. एकटी नाहीये.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, आईनं गॅस बारीक केला. मग तिचा आवाज आला, एकदम हळू.

“बठ माय. बठ.”