तिमोरासो कुणी बिघडवली?

शनिवारी सकाळी सतीश डब्लिनजवळ स्वोर्ड्सला शोभनाच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली बाटली होती. चेहरा असा उतरलेला, की उपेंद्रला वाटलं, घरात काहीतरी भलतंच झालंय.

"शोभनाताई, राजीवनं केसानं गळा कापला माझा!"

शोभना डब्लिनमधल्या विमा कंपन्यांसाठी खाजगी तपास करायची. तिचा नवरा उपेंद्र आठवडाभर कोडिंग करायचा आणि सुट्टीच्या दिवशी तिची गाडी चालवायचा. तपासात आपली मोठी मदत होते, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

"आधी बस. आणि नीट सांग," शोभना म्हणाली.

सतीश आणि राजीव पुण्याच्या हॉस्टेलपासूनचे जिवलग. २०१२ साली दोघं इटलीत तोर्तोनाच्या टेकड्यांवर भटकत होते, तिथे ही तिमोरासो वाइन भेटली. त्या भागातली ही द्राक्षं जवळजवळ नामशेष झालेली. चार हट्टी शेतकऱ्यांनी वेली जगवल्या, म्हणून वाचली. बऱ्याच व्हाइट वाइन लवकर संपवाव्या लागतात, ही मात्र वर्षागणिक खुलते. दोघांनी दोन बाटल्या घेतल्या. एक तिथेच बांधावर बसून संपवली. दुसरी, दोघांतला जो आधी आयर्लंड सोडेल त्याच्या निरोपाला फोडायची ठरली.

"राजीव उद्या सकाळी कायमचा नागपूरला चाललाय. काल उघडली, तर उकडलेल्या सफरचंदाचं पाणी! रंग चहासारखा, बूच वर आलेलं. कुणीतरी खरी पिऊन भलतंच भरून ठेवलंय. अंगणातल्या शेडची किल्ली आमच्याशिवाय फक्त त्याच्याकडे होती. सगळ्यांसमोर चोर म्हणालो त्याला. तसाच निघून गेला."

"पण शेडमध्ये का ठेवली होतीस?"

सतीश ओशाळला. "फेब्रुवारीत आईबाबा आले होते ना. बाळंतपणाला."

उपेंद्रला जास्त सांगावं लागलं नाही. तिकडे आईवडील विमानात बसले, की इकडे मुलांच्या बाटल्या भूमिगत होतात. त्याच्या स्वतःच्या बाटल्या पलंगाखालच्या सुटकेसमध्ये जायच्या.

शोभनानं बुचावरचं वेष्टण उलटं करून पाहिलं. आत चिकट ओघळ वाळलेला. बुचाला स्क्रूचं भोक एकच. मागच्या लेबलवर पिवळट डाग होता. तिनं तो हुंगला आणि बाटली उपेंद्रच्या नाकाशी धरली.

"हिंग!" उपेंद्र खूश होऊन म्हणाला.

"हिंग काय, आपल्या घरात कुठेही लागतो," सतीश म्हणाला.

क्लोनडॉकिनला सतीशच्या घरी त्याच्या बायकोनं, निशिगंधानं, कुणाला न जेवता उठू दिलं नाही. ती हॉस्पिटलात डॉक्टर, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. बाळ रडलं तशी तिनं जिन्यावरचं हॉट प्रेस उघडून ऊनऊन दुपटं काढलं. गरम पाण्याच्या टाकीचं हे कपाट इथे बहुतेक जुन्या घरांत असतं. कपड्यांच्या घड्या त्यातच ठेवतात.

दहीभातासोबत तळलेल्या सांडगी मिरच्या आल्या. उपेंद्रनं सहा खाल्ल्या.

"आईंनी इथेच केल्या," निशिगंधा म्हणाली. "त्या मार्चच्या बर्फात. मी सारखी बाळापाशी, त्यांना करमेना."

"तेव्हा राजीव इथे आला होता?" शोभनानं विचारलं.

"आला होता म्हणजे? बाळाला ताप आला आणि रस्ते बंद. आम्ही दोघं हॉस्पिटलात अडकलो. राजीव गुडघाभर बर्फातून चालत ब्रेड-दूध घेऊन आला, आईबाबांजवळ राहिला. खरं सांगते ताई, तो चोरी करील असं मला वाटत नाही."

सतीशनं ताटातली मिरची बाजूला सारली.

राजीवच्या फ्लॅटवर खोकी भरून तयार होती.

"वाइन तू प्यायलास?" शोभनानं सरळ विचारलं.

"नाही."

"मग बिघडली कशी?"

"जाऊ द्या ना ताई. उद्या मी चाललोय." मग त्यानं सतीशच्या आईचं विचारलं, "वृंदाकाकूंना नाही ना फोन केलात?"

गाडीत बसताच उपेंद्रनं निकाल दिला, "चोराच्या मनात चांदणं! नाहीतर मग थंडीनं बिघडली असेल. वाइन गोठली, फुगली, बूच वर आलं."

"थंडीनं काही उकडतं का रे?" असं म्हणून शोभनानं सतीशच्या आईला कराडला फोन लावला. वाइनचं नाव काढलं नाही. मिरच्यांची कृती विचारली.

"दही-मेथी-हिंग भरायचं आन् खडखडीत वाळवायचं बघ," वृंदाकाकू खुलल्या. "पर काय ती थंडी! ताकाची काचंची बरणी शेडात ठिवली, तर सकाळी दोन तुकडं! राजीव नीट जातोय न्हवं? लई गुणाचं पोरगं."

संध्याकाळी शोभनानं राजीवला जवळजवळ ओढतच सतीशच्या स्वयंपाकघरात आणलं. दोघं मित्र टेबलाच्या दोन टोकांना बसले.

"बाटली कुणी आधी उघडलीच नव्हती," ती म्हणाली. "उघडली असती तर बुचाला दुसरं भोक दिसलं असतं. ओघळ वेष्टणाच्या आत आहे, म्हणजे बूच आतून रेटलं गेलं. वाइन तापली, फुगली, शिजली."

"शेडमध्ये? बर्फात?" सतीश म्हणाला.

"उपेंद्र, मिरच्या कशात वाळवतात?"

"उन्हात," उपेंद्र म्हणाला, आणि त्याची ट्यूब पेटली. "पण इथे तेव्हा ऊन कुठलं?"

"काकूंनी वाळवण घातलं हॉट प्रेसमध्ये. लेबलवरचा हिंग तिथला. आता बाटली तिथे कशी गेली? शेडमध्ये काकूंची बरणी तडकली. ती बघायला त्या गेल्या, तेव्हा तुझी बाटली त्यांना दिसली. पोराची जपून ठेवलेली वस्तू थंडीनं फुटेल, म्हणून त्यांनी ती घरातल्या सगळ्यात उबदार जागी, घड्यांमागे ठेवली. आणि जायच्या आधी गुपचूप परत शेडमध्ये."

"म्हणजे आईला माहीत होतं?" सतीशनं विचारलं.

"तुझी झाकली मूठ त्यांनी झाकलेलीच ठेवली. हे अजून एकाला ठाऊक होतं. बर्फात तो इथे राहिला, टॉवेल घ्यायला तेच कपाट उघडलं असणार. चोराला पोलिसाची भीती वाटते. याला भीती होती, ती काकूंना कळण्याची."

राजीव म्हणाला, "काकूंनी शपथ घातली होती. 'त्याला कळू देऊ नगंस, लाजंल बिचारा.' बाटली बिघडेल हे मला तरी कुठे ठाऊक होतं? काल कळलं. आपण बिघडवली हे काकूंना समजलं असतं, तर जन्मभर हळहळल्या असत्या."

"आणि तू चोर ठरलास तरी चाललं?"

"नाही चाललं. फार लागलं, सत्या. पण काकूंपेक्षा मला लागलेलं बरं."

सतीश उठला आणि राजीवला मिठी मारून लहान पोरासारखा रडला. उपेंद्रनं उगाच चष्मा पुसला.

मग सतीशनं फोन लावला. "आई, शेडमधली ती बाटली आम्ही काल उघडली. राजीवच्या निरोपाला."

पलीकडून हळूच प्रश्न आला, "बरी निघाली का रं?"

सतीशनं ती तपकिरी वाइन पेल्यात ओतली आणि एका दमात संपवली. राजीवनंही स्वतःला ओतून घेतली.

"फार छान निघाली, आई. तू जपलीस म्हणून."

"मग झालं तर. उद्या त्याला ट्याक्सीत बशिवू नगंस हां."

"नाही गं. मीच नेतोय," सतीश म्हणाला.