कोठडीचा झरोका

उगवतीला तांबडं फुटत होतं, पण कासवदुर्गाच्या पश्चिम कड्याखालचा दर्या अजून काळोखात होता, तेव्हा गडाचे हवालदार बकाजीराव सुर्वे दर्यादरवाजावर उभे होते. कालपर्यंत ही जागा सामाजी नाईक दिवेकरांची होती. सामाजी बेने इस्राएली, शनिवार पाळणाऱ्या तेल्यांच्या घराण्यातले, वयाने धाकटे. गेल्या मोहिमेनंतर किल्लेदार त्र्यंबकरावांनी भर सदरेत मानाची तलवार त्यांच्या कमरेला बांधली, त्या दिवसापासून बकाजींना अन्न गोड लागेना. अखेर त्यांनी दिवेकरांच्या घाण्यावरचा तेलाचा बुधला शत्रूच्या पकडलेल्या होडीत ठेवला आणि फितुरीचा आळ घेऊन नाईकांना कड्यावरच्या कोठडीत टाकवलं.

तरी हेवा निवला नव्हता. बेड्या पडतानाही हा माणूस गयावया करत नाही, हेच त्यांना सलत होतं.

इतक्यात कोठडीचा पहारेकरी धावत आला.

"नाईक आपल्याला बोलावताहेत. गडावर संकट आहे, खोटं ठरलं तर शिर उतरवा म्हणतात."

बकाजी गेले. सामाजींनी झरोक्याकडे बोट केलं. ज्या कड्यावर कधी पहारा नसे, त्याला दोर लागले होते आणि शत्रूची माणसं निम्म्यावर आली होती. गडावर दुसरीकडून ती दिसणं शक्यच नव्हतं.

"बेड्या काढा, हवालदार. दोर मी तोडतो. आपण तटावर बंदुका आणा."

बकाजींचा हात किल्लीवर थबकला. हा सुटला की पुन्हा याचंच नाव. खाली दगड घरंगळले. त्यांनी बेड्या काढल्या.

ओठांत आपल्या धर्मातली शमाची प्रार्थना पुटपुटत सामाजी तटावरून कड्यावर उतरले. खांद्यात गोळी शिरली, तरी शेवटचा दोर तुटेपर्यंत ते माघारी फिरले नाहीत.

सदरेत त्र्यंबकरावांनी विचारलं, "नाईक, आपण त्या कोठडीत नसता तर गड गेला असता. पण मग तो बुधला?"

"तो मी ठेवला," बकाजी म्हणाले.

किल्लेदारांचा हात तलवारीकडे गेला.

"हवालदारांना अभय असावं, सरकार," सामाजी म्हणाले. "आमच्या ग्रंथात एका राणीची कथा आहे. तिच्यात देवाचं नाव कुठेच नाही, तरी वैऱ्याच्या डावातूनच तो तिच्या लोकांना सोडवतो. मला त्या झरोक्यापाशी हवालदारांनी नेलं, असं मी मानत नाही."

बकाजींनी शिक्षा सोसली असती. आपलं वैरसुद्धा या माणसाच्या देवाच्या कामी आलं, हे मात्र त्यांना सोसेना.

हवालदारी गेली, प्राण वाचले. ते गड सोडून निघाले तेव्हा सामाजी, हात गळ्यात बांधलेला, धक्क्यापर्यंत आले.

"सांभाळून जा, बकाजीराव."

बकाजी होडीत बसले. होडी दूर गेली तरी त्यांनी गडाकडे पाठच ठेवली होती.